कोणी न खोडलेलं वाक्य

"ताई, एक सांगून ठेवतो. आता यंत्र पटकन उत्तर देईल. पण एकदा ठरलेलं परत तपासायला जाणार नाही. कोणाबद्दल काय ठरून बसलंय, ते अधूनमधून कोणीतरी माणसानं बघायला पाहिजे."

जहीरभाई स्क्रीनवरून बोलत होते आणि मी मांडीवरच्या रेवाला थोपटत होते. ती नुकतीच, महत्प्रयासाने, झोपली होती. त्यांच्या आवाजाने तिची पापणी हलली, तसा मी घाईघाईने आवाज कमी केला.

"बघू ना, भाई," मी कुजबुजले. "आधी चालू तर होऊ दे. रांग कुठवर गेलीय माहितीये ना?"

"माहितीये. म्हणूनच केलं. पण मला आवडलेलं नाही, हे तुमच्या कानावर घालून ठेवतो."

"तुम्हाला स्वतःचं काय आवडतं कधी?" असं म्हणून मी हसले आणि कॉल बंद केला.

मिरजेतल्या एका संस्थेची ही फोनसेवा. जत तालुक्यातल्या लांबलांबच्या वस्त्यांवरच्या बाळंतिणींसाठी. बाळंतपणानंतर काही त्रास वाटला की बाईने फोन करायचा, जे होतंय ते आपल्या भाषेत सांगायचं. फोन घ्यायला नर्स मोजक्याच, आणि फोन दिवसभर. म्हणून मधे यंत्र बसवलं. जहीरभाईंनी तर्कशास्त्रात संशोधन केलेलं. यंत्राचं डोकं त्यांचं. मी कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. ते नीट चालतंय का, कुठे अडकतंय, हे घरी बसून बघणं माझं काम. रेवा सात महिन्यांची होती आणि मी रजेवरून नुकतीच परतले होते.

यंत्राची रीत सांगायला सोपी आहे. कोणी काही म्हटलं की तो एक मुद्दा. पडद्यावर एक ठिपका. एक मुद्दा दुसऱ्याला खोडत असेल तर त्याच्याकडून तिकडे बाण. बाई म्हणाली, डोकं दुखतंय. दुसरा मुद्दा आला की जागरणाने दुखत असेल, की पहिला पडला. मग कोणी म्हटलं, काल रात्रभर झोपलीय ती. मग जागरणाचा मुद्दा पडला आणि डोकेदुखी परत उभी राहिली. खोडणाऱ्याला खोडणारा मिळाला की पडलेला उठतो. शेवटी जे उभे राहतात ते हिरवे, पडतात ते लाल. हिरवी तक्रार नर्सकडे जाते. बाकीच्यांना यंत्रच गोड आवाजात सल्ला देऊन फोन ठेवतं.

अडचण एवढीच की मुद्दे वाढले की हे मोजणं भलतंच वाढतं. एकेका बाईच्या नावावर महिन्याभरात इतके ठिपके साठत, त्यांचे बाण एकमेकांत इतके गुंतत, की प्रत्येक फोनला सगळं जाळं नव्याने सोडवायचं म्हटलं तर पंखा घरघरायचा आणि रांगेतल्या बायका कंटाळून फोन ठेवायच्या. म्हणून जहीरभाईंनी युक्ती केली. नवा मुद्दा आला की त्याचा धक्का जिथवर पोचतो तेवढाच भाग सोडवायचा. बाकीचं आधी ठरलंय तसंच धरायचं.

रांग दोन दिवसांत ओसरली. कुलगुडे सरांनी ऑफिसात पेढे वाटले. ते संस्थेचे प्रमुख. माझे पेढे त्यांनी पोस्टाने नाही तर स्वतः स्कूटरवरून आणून दिले, रेवाला बघायला म्हणून.

भाद्रपद लागला होता. जहीरभाई तोवर नोकरी बदलून हैदराबादला गेले होते. त्या दुपारी मी बंद झालेल्या फोनांची यादी चाळत होते. काही गडबड शोधत नव्हते. कुठला फोन उगाच लांबला का, एवढंच बघत होते. लांबलेला एकही नव्हता. पण एक नाव असं होतं की जिथे यंत्राला वेळच लागला नव्हता. बाई बोलून थांबली की तिथल्या तिथे निकाल. तेच नाव पुन्हा खाली. आणि पुन्हा.

महादेवी. तळेवस्ती.

हिशेब इतका झटपट कधी होतो? काही मोजायचंच नसतं तेव्हा.

मी रेकॉर्डिंग लावलं. कोवळा आवाज, विशीचा असेल. "डोकं लई दुखतंय. कालधरनं." यंत्र म्हणालं, भरपूर पाणी प्या, विश्रांती घ्या, काळजी करू नका. पुढच्या फोनमध्ये तोच आवाज, पण शब्द जड झालेले. "डोळ्याम्होरं चांदण्या दिसत्यात. उजेड बघवंना." पाणी प्या, विश्रांती घ्या. तिसऱ्यात ती बोललीच थोडं. "हात सुजल्यात. बांगडी फिरंना." मागे बाळ रडत होतं आणि ती त्याला गप करत नव्हती. ते मला ऐकवलं नाही. मी हेडफोन काढले.

बाळंत होऊन तिला आठवडा झाला होता. डोकेदुखी, डोळ्यांपुढे चांदण्या, सूज. रेवाच्या वेळी आमच्या डॉक्टरीणबाईंनी ही तीन लक्षणं मला बोटांवर मोजून पाठ करायला लावली होती. बाळंतपणानंतरही रक्तदाब असा चढू शकतो की बाईला झटके येतात.

भूषण, माझा नवरा, कॉलेजवरून जेवायला घरी आला होता. मी त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याने मान वाकडी करून ऐकलं, घास गिळला.

"बोलायला घाबरलेली वाटतेय."

"घाबरलेली नाही, आजारी आहे."

"असेल. पण वृषाली, काल तुला रेवाचा श्वास जोरात वाटला. परवा तिची टाळू खोल गेल्यासारखी वाटली. दोन्ही वेळा डॉक्टर काय म्हणाले?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध नाही म्हणत मी. आमटी वाढ थोडी."

मी आमटी वाढली आणि कुलगुडे सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घेतात.

"बरं. यंत्र काय म्हणतंय?"

"काळजी करू नका म्हणतंय."

"मग?"

"सर, मला वाटतं ते चुकतंय. तिचं सगळं जाळं एकदा मुळापासून सोडवून बघू या."

"त्यासाठी रांग थांबवावी लागेल. आत्ता रांगेत ज्या बायका आहेत त्यांचं काय? त्यातल्या एखादीला खरंच काही होत असेल तर?" सरांचा आवाज मऊ झाला. "हे बघ, रजेवरून आल्यापासून ही तुझी कितवी हाक? मागच्या पंधरवड्यात ती तापवाली बाई. त्याआधी ती जुळ्यांची. दोघीही ठणठणीत. मी तुला दोष देत नाही गं. आमची ही पण पहिल्या खेपेला अशीच होती, मांजर शिंकलं तरी दवाखाना. स्वाभाविक आहे. संध्याकाळी फोन कमी झाले की मोजू. चालेल?"

चालणार नव्हतं. मी फोन ठेवला. मी जे म्हणेन ते माझ्या आधीच कोणीतरी निकालात काढून ठेवलं होतं.

महादेवीच्या घरचा नंबर होता. नियमाप्रमाणे आम्ही उलट फोन करायचा नसे. मी केला. बराच वेळ वाजला, मग एका वयस्क बाईने उचलला.

"कोन?"

"मिरजेहून बोलतेय, बाळंतिणीच्या फोनवरून. महादेवीला द्या ना जरा."

"निजलीया की ती. आत्ताच डोळा लागलाय. दोन रोज डोकं डोकं करत हुती, आता गप पडलीया."

"तुम्ही सासूबाई का?"

"व्हय."

"मावशी, तिला जरा हलवून उठवा. मला एक शब्द बोलू दे तिच्याशी."

"बाळंतिणीला झोपंतनं उठवत्यात व्हय?" त्या हसल्या. रागाने नाही, शहरातल्या पोरीला काय कळतंय, असं. "काय बी झालेलं न्हाई, ताई. म्या पयल्याच दिशी तुमच्या मशनीला सांगितलंय. पयली खेप हाय तिची. उगंच भेत्या."

उगंच भेत्या. हे वाक्य ऐकलं आणि मला कळलं की ते मी कुठेतरी पाहिलंय. फोन ठेवून मी महादेवीचं जाळं उघडलं. अगदी वर, एकटाच, ठळक हिरवा ठिपका. नोंदणीच्या दिवशी सासूबाईंनी सांगितलेलं, यंत्राने आपल्या भाषेत करून घेतलेलं: पहिलटकरीण, उगाच घाबरते. त्याच्याकडून खाली बाणच बाण. डोकेदुखीकडे. चांदण्यांकडे. सुजलेल्या हातांकडे. खालचे सगळे ठिपके लाल. आणि त्या वरच्या ठिपक्याकडे येणारा बाण एकही नाही.

मी हैदराबादला फोन लावला.

"भाई, घाबरते हा मुद्दा तिचं सगळंच कसं काय खोडतो?"

"मोजमाप नसलेलं, फक्त स्वतःला वाटलेलं असं जे जे, ते सगळं खोडतो. नर्सनीच मागितलं होतं, आठवतंय? खोटे फोन फार येत होते." ते गाडी चालवत असावेत, हॉर्न ऐकू येत होते. "का? कोण आहे?"

मी सांगितलं. हॉर्न थांबले. त्यांनी गाडी बाजूला घेतली होती.

"तिने म्हटलं असेल की मी घाबरट नाही. त्याचा बाण का नाही?" मी विचारलं.

"स्वतःवरचा आक्षेप स्वतः खोडता येत नाही. तो नियम तुम्हीच सुचवलात, ताई. बायका अंगावर काढतात, विचारलं की बरी आहे म्हणतात, तर त्यांचं बरं आहे धरू नये म्हणून. चांगलाच नियम आहे तो."

"मग मी घालते मुद्दा. मी म्हणते की ती घाबरट नाही."

"स्टाफचं वाक्य यंत्र घेत नाही. ढवळाढवळ नको म्हणून."

"आणि मुळापासून मोजलं तर?"

"तरी तेच येईल," जहीरभाई शांतपणे म्हणाले. "हिशेब बरोबरच आहे, ताई. पटकन केला काय, सावकाश केला काय. फक्त यंत्र सावकाश करत होतं तेव्हा कोणीतरी पडद्याकडे बघत बसायचं. आता कोणी बघत नाही." मग ते घाईने म्हणाले, "तिसरं माणूस शोधा. घरातलं नको, ऑफिसातलं नको. जाऊन डोळ्यांनी बघेल असं. बीपी मोजलं तर उत्तमच, आकड्याला घाबरट म्हणता येत नाही. लवकर शोधा."

तळेवस्तीच्या आशा सेविका म्हणजे छबूताई. गावोगाव फिरून बायका-पोरांचं आरोग्य बघणारी, खणखणीत आवाजाची बाई. फोनवर त्यांच्या मागे पोरांचा कल्ला होता.

"लस टोचायला बसलीय ताई शाळेत. मागनं बोलू?"

"छबूताई, महादेवीकडे जाऊन या. आत्ता."

"तिचं बघितलं की मी. सकाळीच मेसेज आला मशीनचा, भेटीची गरज नाही म्हणून. आता मशीन नको म्हणतंय आणि तुम्ही जा म्हणताय. मी कुणाचं ऐकू?"

"कोणाचंच नका ऐकू."

"तसं कसं. इथं बाया पोरं घेऊन उन्हात बसल्यात. त्यांना उठवून जाऊ, आणि तिथं ती पोरगी भाकऱ्या थापत बसलेली असली तर सासू मला गावभर करंल. मागं तुमच्या सांगण्यावरनं त्या जुळ्याच्या घरी गेले, तर काय झालं? चहा पिऊन आले."

मला रडू यायला लागलं होतं आणि रडणाऱ्या बाईचं कोणी ऐकत नाही हे मला त्या दुपारपुरतं तरी पक्कं कळलं होतं. मी आवाज सपाट ठेवला.

"बरोबर आहे तुमचं. मी दोनदा खोटी ठरले. तिसऱ्यांदा पण ठरवा. सिस्टरकडचं बीपीचं मशीन घ्या, तिच्या दंडाला लावा, आणि मला फोन करून सांगा की वृषाली, तू येडी आहेस. नंतर मी तुम्हाला कधी फोन करणार नाही."

पलीकडे त्यांनी कोणाला तरी लशीचा डबा झाकायला सांगितलं.

"कधीच न्हाई?"

"कधीच नाही."

"मग जातेच," छबूताई म्हणाल्या. "एवढं मिळणार असंल तर जातेच."

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला नीट आठवत नाही. भूषण परत कॉलेजला गेला. रेवा उठली, मी तिला पाजलं. पडद्यावर फोन येत होते, लाल-हिरवे ठिपके उमटत होते, सगळं सुरळीत चाललं होतं. महादेवीच्या नावावर नवं काही येत नव्हतं. चौथा फोन नव्हता. यंत्राच्या लेखी ती बरी झाली होती. त्रास असता तर फोन आला असता.

फोन वाजला तेव्हा रेवा दचकली.

"ताई." छबूताईंचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "गाडी पाठवा. वरचा आकडा एकशे नव्वदला गेलाय. दोनदा मोजला. हाक मारली तर डोळं उघडत्या, पर बघत न्हाई कुणाकडं. तोंड असं एका बाजूला…" मागे कोणीतरी हंबरडा फोडला. "गाडी पाठवा, ताई."

छबूताईंनी सेवेच्या नंबरवरही सांगितलेला आकडा यंत्रात गेला आणि पडद्यावर डोकेदुखी हिरवी झाली. चांदण्या हिरव्या. हात हिरवे. त्यालाही वेळ लागला नाही. जणू यंत्र कधीपासून तयार होतं, फक्त कोणी सांगायची खोटी होती.

मी मागवलेल्या जीपमध्ये वाटेत तिला झटका आला. छबूताईंनी तिची मान कुशीवर धरून ठेवली, वाटेतल्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, आणि ती मिरजेपर्यंत जिवंत पोचली.

चार दिवसांनी मी तिला बघायला गेले. बारीक चणीची, कपाळावर गोंदलेलं, डोळे अजून सुजलेले. बाळ सासूबाईंच्या मांडीवर होतं.

"तुमीच फोन केलता न्हवं?" महादेवी म्हणाली. "आत्ती बोलत हुत्या ते समदं ऐकू येत हुतं मला. उठाय येईना नुसतं."

सासूबाईंनी वर पाहिलं नाही. बाळाचं टोपडं उगाच सारखं करत म्हणाल्या, "माज्या येळंला मला बी असंच झालतं. डोळ्यानं दिसंना. म्या कुनाला सांगितलंच न्हाई. वाटलं, समद्यांस्नी हुतंय."

डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या खेपेला हिला जपायला लागेल. हे परत होऊ शकतं.

घरी येऊन मी तिचं जाळं पुन्हा उघडलं. का उघडलं माहीत नाही. सगळं हिरवं बघायचं असेल. खालचे ठिपके हिरवे होतेच. पण वर, पहिल्या जागी, तो ठिपकाही हिरवाच होता. पहिलटकरीण, उगाच घाबरते. छबूताईंचा आकडा तक्रारींना जाऊन लागला होता. मोजमाप मिळाल्यावर त्यांच्याकडे येणारे बाण गळले, तक्रारी उठल्या. त्या वाक्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं, म्हणून यंत्राने त्याला हात लावला नव्हता. मी कुलगुडे सरांना दाखवलं.

"जीव वाचला ना?" ते म्हणाले. ते तेव्हा खरंच हादरलेले होते. "करू ते पण. सवडीने करू."

सवड मिळाली नाही. वर्षभरात आमची सेवा एका मोठ्या सेवेत सामील झाली. पुष्कळ जिल्ह्यांची मिळून एक. नव्या लोकांना वेग हवा होता. जुनी जाळी इकडून तिकडे न्यायला जड, म्हणून त्यांनी फक्त निकाल नेले. कोण काय म्हणालं, कशाने काय खोडलं, हे सगळं मागे राहिलं. मी लेखी आक्षेप घेतला. तो नोंदवून घेतला गेला. मग मी नोकरी सोडली. महादेवीच्या नावावर पुढे गेलं ते एवढंच: उगाच घाबरते. ठरलेलं.

रेवा आता पाच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात छबूताई मिरजेत भेटल्या. मी खरंच त्यांना पुन्हा कधी फोन केला नव्हता आणि त्यावरून त्यांनी मला भर बाजारात शिव्या दिल्या. मग सांगितलं की महादेवीच्या सासूबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. दिवाळीनंतर महादेवी आणि तिचा नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेले. तिला सातवा लागलाय.

"फोन आहे ना तिच्याकडे?" मी विचारलं.

"हाय की. तुमच्या त्या सेवेचा नंबर पाठ हाय तिला. मला म्हनली, काय झालं तर लावीन फोन, काळजी करू नका."

मी तळेवस्तीला जाऊन आले. घराला कुलूप. महादेवीचा नवा नंबर कोणाकडे नाही, टोळीच्या मुकादमाचा लागत नाही. कोणी म्हणतं टोळी वारणेकडे आहे, कोणी म्हणतं अथणीच्या बाजूला, कोणी म्हणतं पार सोलापूरकडे. मी दोन कारखान्यांचे अड्डे फिरले. महादेवी नावाच्या दोघीजणी भेटल्या, पण ती नव्हती.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या शिवारात यंदा टोळी उतरली असेल तर एकदा त्यांच्या झोपड्यांकडे, कोप्यांकडे जाऊन या. जतकडची महादेवी आहे का विचारा. बारीक चणीची, कपाळावर गोंदलेलं, सोबत साडेचार वर्षांचा मुलगा. दिवसभर बायका उसाच्या फडात असतात. दिवेलागणीला, चुली पेटल्या की गेलात तर भेटेल. गावात कोणाकडे बीपीचं मशीन असेल तर तेवढं सोबत न्या.